धाकट्या लाईनचा गंज

“त्या मंगळवारी जे नव्हतं, ते या टेबलावर असणार नाही.”

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत उमटलेला घड्याळजींचा तो आवाज मोजणीदारांना अजून जसाच्या तसा ऐकू येई. जरासा घोगरा, एकेक शब्द चिमट्याने उचलून जागेवर ठेवावा तसा. आज रविवारी सकाळी धाकट्या लाईनच्या रुळावरून बोट फिरवताना तो पुन्हा कानात आला, आणि बोट जागच्या जागी थबकलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं आणि टेबलावर ओणवे झाले. रुळांच्या माथ्यावर दोन चकचकीत रेघा होत्या. केसाएवढ्या बारीक, पण अखंड. सांध्यापासून निघालेल्या, टेकडीला वळसा घालून फाटकासमोरून थेट शेवटच्या ठाण्यापर्यंत गेलेल्या.

हा गंज त्यांनी स्वतः चढवला होता. तपकिरी रंगात नखभर नारिंगी मिसळून, सगळ्यात बारीक कुंचल्याने, लागोपाठ चार रविवार. धाकटी लाईन बंद पडलेली होती, आणि बंद लाईनचे रूळ गंजतात. गंजलेला रूळ पुन्हा चमकायला लागतो तो एकाच कारणाने. त्याच्यावरून चाकं फिरली तर.

त्यांनी हळूच मागे पाहिलं. खिडकीपाशी दातांचे डॉक्टर एका डब्याचं निखळलेलं चाक बसवत होते. पाववाले चहा गाळत होते. वहिनी सुईत दोरा ओवत होत्या, आणि दोरा काही केल्या जात नव्हता. तिघंही आपापल्या कामात अगदी बुडून गेलेले. जरा जास्तच बुडालेले, असं मोजणीदारांना वाटलं.

खोली शिवणकामाच्या दुकानाच्या वर होती. खाली मशीन चालू झालं की वर टेबल हलकेच थरथरे. पाववाले म्हणत, आपल्या गाडीला खऱ्या गाडीचे हिसके फुकटात मिळतात. दुकान वहिनींचं, म्हणजे घड्याळजींच्या पत्नीचं. घड्याळजी तीन वर्षांपूर्वी गेले, पण टेबल राहिलं आणि टेबलाभोवतीची माणसंही राहिली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या त्या टेबलावर एक अख्खं स्टेशन होतं, मागे डोंगर, बोगदा, नदी, पूल, आणि या सगळ्यांतून धावणारी, खऱ्याहून सत्त्याऐंशी पट लहान आगगाडी. बावन्न वर्षांपूर्वीचा एक मंगळवार तिथे थांबवून ठेवला होता. त्या दिवशी कुणा हौशी माणसाने स्टेशनचे एकोणीस फोटो काढले होते आणि फिरत फिरत ते घड्याळजींच्या हाती आले होते. फोटोत एक सायकल खांबाला टेकवलेली होती. तिच्या पुढच्या चाकात हवा नव्हती, म्हणून टेबलावरच्या सायकलच्याही नव्हती.

टेबलावर काहीही नवं ठेवायचं तर आधी कागद दाखवायचा, असा दंडक होता. फोटो, नकाशा, जुनं पत्र, काहीही, पण कागद. कागद तपासायचं काम पहिल्यापासून मोजणीदारांचं, आणि घड्याळजींच्या मागे नियमाची वहीही त्यांच्याकडे आली होती. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. बोटभर बांध सरकला तरी त्याला झोप लागत नसे. डॉक्टरांना झाडाखाली एक बाक हवा होता. मोजणीदारांनी विचारलं, कागद? पाववाल्यांनी तर चार वर्षं स्टेशनसमोर बेकरी मागितली. अहो, एवढं मोठं स्टेशन, माणसं काय उपाशी प्रवास करत होती का, असं ते काकुळतीला येऊन म्हणत. मोजणीदार भिंग पुसत म्हणत, उपाशी होती की नव्हती ठाऊक नाही, पण बेकरी नव्हती.

ते सगळे त्यांना हसत, पण ऐकत. मोजणीदारांना विचारा, हे वाक्य त्यांना आता जगात या एका खोलीतच ऐकू येई. कचेरीत त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं होतं. मुलगी नदीपलीकडे राहायची. तिच्याकडे दर गुरुवारी दुपारी जायचं, नातीला खेळवायचं आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. बाकीचे दिवस ते रविवारची वाट बघत.

त्या रविवारी ते काही बोलले नाहीत. निघताना मात्र सगळ्यांच्या मागे राहिले, आणि फाटकाच्या अलीकडे दोन्ही रुळांवर आडवा एक करडा धागा ठेवला. वहिनींच्याच रिळातला, फुंकरेने हलेल इतका हलका. मागच्या जिन्याची एक किल्ली त्यांच्याकडे असे. सोमवारी आले, धागा होता. मंगळवारी होता. बुधवारीही होता. गुरुवारी ते मुलीकडे गेले.

शुक्रवारी सकाळी धागा दोन तुकडे होऊन खडीत पडला होता.

मोजणीदार स्टुलावर बसले. म्हणजे गुरुवारी. ते नदीपलीकडे असतात हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे अशा माणसांनी, दिवसाउजेडी, ठरवून. त्यांनी पुन्हा भिंग लावलं आणि धाकट्या लाईनवरून स्लीपर मोजत निघावं तसे डोळ्यांनी निघाले. वळण आलं. टेकडी संपली. फाटक आलं.

फाटकाशेजारच्या कोठीला टेकून एक माणूस उभा होता.

पेराएवढाही नव्हता. निळा सदरा, डोक्याला मळकं फडकं, आणि उजव्या हातात तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं निशाण. मोजणीदारांनी भिंग आणखी जवळ नेलं, तसा तो माणूस श्वास घेतोय असं वाटलं.

ते घाबरले, त्याला कारण होतं. धाकटी लाईन त्या वर्षी बंद नव्हती. चांगली धावत होती, सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक. अकरा वर्षांपूर्वी घड्याळजींनी नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, हिचं काय? तेव्हा मोजणीदार म्हणाले होते, ती त्या मंगळवारच्या दोन वर्षं आधीच बंद झाली. एकोणीस फोटोंमध्ये ती कुठेच नव्हती, आणि मोजणीदारांकडे कागद मागायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांकडे कागद मागणारा माणूस तोच. एका वाक्यात त्यांनी लाईन बंद केली, आणि मग चार रविवार बसून तिला गंज चढवला. या टेबलावर अख्ख्या अकरा वर्षांत खोटं शिरलं होतं ते एवढंच, आणि ते त्यांच्या हातून.

आता कुणाला तरी कळलं होतं. नुसतं लाईनचं नाही, फाटकावरच्या माणसाचंही. नाहीतर निळा सदरा कुठून आला?

रविवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. फाटकावरचा माणूस गेला होता. तो उभा होता तिथे डिंकाचा एक वाळका ठिपका तेवढा राहिला होता. कुणीतरी ठेवतं आणि कुणीतरी उचलतं. हा निरोपच आहे, मोजणीदारांनी ठरवलं. तुम्ही बोलता की आम्ही बोलू?

मग ते डोळ्यांत तेल घालून एकेकाला निरखू लागले. पाववाले नेहमीपेक्षा जास्त बिस्किटं घेऊन आले होते. एवढी कशासाठी? वहिनींनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा खोकल्या. आणि डॉक्टर, जे एरवी तोंड उघडायचे ते दुसऱ्याचं उघडायला सांगण्यापुरतं, ते आज आपण होऊन बोलू लागले. म्हणाले, परवा एक म्हातारे गृहस्थ कवळी बसवायला आले होते, रेल्वेत होते म्हणे, फार जुन्या जुन्या गोष्टी सांगत होते.

“कुठल्या लाईनला होते?” मोजणीदारांनी विचारलं.

“ते नाही विचारलं. कवळी बसत नव्हती हो त्यांची.”

“आणि गोष्टी कसल्या?”

डॉक्टरांनी पाववाल्यांकडे पाहिलं. पाववाल्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

“घ्या ना मोजणीदार. आज लोणी चांगलं पडलंय.”

त्यांनी बिस्कीट घेतलं आणि हातातच ठेवलं. घरी जाताना त्यांनी सगळे दुवे जोडले. म्हाताऱ्याने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी पाववाल्यांना, पाववाल्यांच्या तोंडात तर पाव राहत नाही. वहिनींना काय वाटलं असेल? घड्याळजी शेवटच्या आजारपणात म्हणाले होते, टेबल मोजणीदारांच्या हाती आहे, मला काळजी नाही. आता एखाद्या रविवारी हे तिघं मऊ शब्दांत सांगतील, तुम्ही दमलात, नियमाची वही आमच्याकडे द्या. आणि नंतरच्या रविवारी त्यांना जायला कुठलीच जागा उरणार नाही.

तो आठवडा त्यांनी जेवणाच्या ताटासमोरही हिशेब मांडण्यात घालवला, कोण कधी काय म्हणालं याचा. गुरुवारी सकाळी मुलीला फोन करून सांगितलं की कंबर धरलीय, आज येत नाही. ती म्हणाली, बाबा, डॉक्टरांना दाखवा. दाखवतो, ते म्हणाले, आज दाखवतोच.

दुपारी खाली दुकानाचं दार ओढून घेतलेलं होतं. मागच्या जिन्याच्या पायऱ्या ते कडेकडेने चढले, कारण मधल्या कुरकुरतात हे त्यांना ठाऊक होतं. वरून हसण्याचा आवाज येत होता. पाववाल्यांचं हसणं त्यांना ओळखता आलं, पण दुसरं, बारीक, लाडिक, मधेच गुदमरणारं हसणं कुणाचं ते कळायला दोन पायऱ्या लागल्या. डॉक्टर हसत होते. अकरा वर्षांत त्यांनी डॉक्टरांना हसताना ऐकलं नव्हतं.

मग पाववाल्यांचा आवाज आला, कागदी पेल्यात तोंड घालून काढलेला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, हत्तींची गाडी आज वेळेआधी येत आहे, कारण हत्तींना घाई आहे.

मोजणीदारांनी दार ढकललं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण दुसऱ्याच खोलीत आलो. अर्ध्या डोंगरावर बर्फ पडलं होतं आणि उरलेला अर्धा जांभळ्या फुलांनी डवरला होता. नदीत दातांच्या प्लॅस्टरचा एक पांढराशुभ्र देवमासा पाठ वर काढून पहुडला होता. दोन शिखरांच्या मध्ये दोरी बांधलेली, आणि तिच्यावर नखाएवढी झबली, परकर, पायमोजे वाळत होते. स्टेशनच्या तोंडासमोर बेकरी होती, तिचं छप्पर खऱ्या पावाच्या करपलेल्या कडेचं. आणि धाकट्या लाईनवरून, टेकडीला वळसा घालत, पाच तऱ्हेचे पाच डबे, सहाव्यावर शिडाचं गलबत आणि सातव्यावर चार हत्ती घेऊन एक इंजिन धापा टाकत येत होतं.

कुणी हललं नाही. फळ्यावर मास्तरांचं चित्र काढताना मास्तरच आत यावेत, तसे तिघं उभे होते. पाववाल्यांच्या तोंडाशी पेला तसाच. गाडी तेवढी चालत राहिली, कारण ती थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

“हे कधीपासून?” मोजणीदारांनी विचारलं.

“मोजणीदार, सगळं काढून ठेवतो आम्ही,” डॉक्टर घाईने म्हणाले. “दर गुरुवारी काढतो. रविवारी काहीही राहत नाही. अगदी देवमासासुद्धा.”

“कधीपासून, वहिनी?”

वहिनींनी हातातलं चिमुकलं झबलं खाली ठेवलं. मग फलाटाच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे बाकावर एक म्हातारा चहाचा कप धरून बसला होता. टक्कल, मोठा चष्मा, मांडीवर उघडलेलं घड्याळ. घड्याळजी त्या मंगळवारी या गावात नव्हतेच, त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले होते.

“ह्यांनीच सुरू केलं,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्या वर्षापासून. रविवारी नियम, गुरुवारी मोडायचा. ज्याने एकही मोडला नाही त्याने गाणं म्हणायचं. डॉक्टरांनी म्हणून तर देवमासा केला, त्यांना गाणं येत नाही.”

“आणि मला?”

“हे म्हणायचे, भाऊजींना नियम लागतो. काही माणसांना लागतो. त्यांचा मोडायचा नाही, आपला आपण मोडू.” त्या थांबल्या. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवलं हो. दुसरं काही नाही त्यात.”

मोजणीदारांनी तिघांच्या चेहऱ्यांवर ते दुसरं काही शोधलं. सवयच लागली होती. डॉक्टरांच्या ओठाला प्लॅस्टर लागलेलं होतं. पाववाले पेल्याचा कागद सोलत होते. गाडी आता फाटकाजवळ आली, आणि कोठीला टेकून तो उभा होता, निळ्या सदऱ्यातला. हत्ती त्याच्यासमोरून एकेक करून निघून गेले.

“हा कुणी ठेवला?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “मागच्या गुरुवारी काढायचा राहिला, तो शनिवारी काढला.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण कशाला सांगेल? पंधरा दिवसांपूर्वी पाववाल्यांनी हट्ट धरला, बंद लाईनवर गाडी घालू या, तेवढाच एक नियम मोडायचा राहिलाय. घातली. मग बघितलं तर फाटक आहे आणि माणूस नाही. गाडी यायला लागली, तर कुणीतरी उभं राहायला हवं ना, भाऊजी? ते उघडं फाटक मला बघवेना.”

“सदरा निळा का?”

वहिनी गोंधळल्या. “डबीत तेवढाच रंग ओला होता.”

डॉक्टरांच्या त्या म्हाताऱ्या पेशंटचं मोजणीदारांनी विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती. या तिघांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. इतके दिवस उशाशी घेतलेला त्यांचा संशय एका वाक्यात उठून गेला, आणि त्यांना हलकं वाटायला हवं होतं.

डॉक्टरांनी इंजिन थांबवलं. ते म्हणाले की चूक आमची आहे, धाकट्या लाईनला मी स्वतः परत गंज चढवतो, तुम्ही रंग सांगा फक्त. पाववाल्यांनी बेकरी उचलली आणि छातीशी धरली. म्हणाले, रविवारी या, मोजणीदार. याल ना? वही तुमच्याचकडे. आम्हाला तुमच्याशिवाय कोण रागावणार?

सगळं जिथल्या तिथे बसत होतं. वही राहत होती, रविवार राहत होते. लाईन पुन्हा बंद होणार होती, या वेळी तर दुसऱ्याच्या हाताने. मोजणीदारांनी फक्त मान हलवायची होती. ती त्यांनी अर्धी हलवलीही.

वहिनींनी चिमटा घेतला आणि फाटकावरच्या माणसाला कमरेत धरलं. डिंक वाळला होता, तो सुटेना. त्या जरा जोर लावून त्याला हलवू लागल्या, इकडे, तिकडे.

“राहू द्या त्यांना.”

“नियमात बसत नाही ना पण, भाऊजी.”

“बसतात,” मोजणीदार म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली. “ही लाईन त्या वर्षी चालू होती. पुढेही नऊ वर्षं चालली. कागद आहे माझ्याकडे, पेटीत आहे. मी दाखवला नाही.”

पाववाल्यांना हसू फुटलं आणि त्यांनी ते तसंच गिळलं.

“म्हणजे आम्ही एवढा नियम मोडला तो...”

“तेवढा एकच तुम्ही पाळलात. मोडला होता मी.”

खाली रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली आणि टेबल तेवढ्यापुरतं थरथरलं. वहिनींनी चिमटा बाजूला ठेवला. त्या त्यांच्याजवळ आल्या, आणि आजारी माणसाला विचारावं तसं हळू विचारलं.

“का पण, भाऊजी?”

मोजणीदारांनी करंगळीच्या नखाने त्या माणसाला हळूच फिरवलं. वहिनींनी हलवताना त्याची पाठ रुळांकडे झाली होती. आता त्याचं तोंड रुळांकडे झालं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातलाच नाही.

“ते माझे वडील,” ते म्हणाले. “त्या फाटकावर अठरा वर्षं होते. मी त्याच गाडीने शाळेला जायचो, सकाळी आणि संध्याकाळी. निशाण एका हातात, आणि दुसरा हात ते माझ्यासाठी जरासा वर करायचे. डब्यातली मुलं विचारायची, कोण रे तो, तुला बघून का हसतो? आणि मी म्हणायचो, मला नाही माहीत.”